बकरं सोडलं त्या दिवशी

धाराशिव जिल्ह्यात बेट आहे असं सांगितलं की लोक हसतात. उन्हाळ्यात टँकरमागं घागरी घेऊन पळणारी माणसं आपण, आपल्याकडं बेट कुठून येणार? पण आहे. धरण झालं तेव्हा खोऱ्यातली गावं उठली, पाणी चढत गेलं आणि एक लांबलचक डोंगर चारी बाजूंनी पाण्यात सापडला. त्याच्या पायथ्याला माझ्या बायकोचं माहेर होतं. घरं, शाळा, विहीर, सगळं बुडालं. देव तेवढा माथ्यावर होता, त्याच्या पायाला पाणीसुद्धा लागलं नाही. देवांचं असंच असतं, असं मी लग्नापासून म्हणत आलो आणि बायकोची बोलणी खात आलो.

मी तेरला पाण्याच्या मोटारी भरतो. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तार भरायची. उभा जन्म यात गेला. त्यामुळं एखादी गोष्ट दुरुस्तच होत नाही, हे माझ्या टाळक्यात शिरत नाही. बायकोच्या पोटात गाठ निघाली तेव्हाही मी हेच धरून बसलो. बार्शीला ऑपरेशन झालं. मग सलाईनमधून औषधं झाली. केस गेले, भूक गेली, आणि एवढं करून गाठ परत आली. डॉक्टर म्हणाले, अजून एकदा औषधं देऊन बघता येईल, पण खात्री देता येणार नाही. त्यातलं 'देऊन बघता येईल' एवढंच मला ऐकू आलं.

ती मात्र घरी आल्यावर म्हणाली, "मला न्हाय जायचं आता बार्शीला."

मग घरात रोज भांडण. मी ओरडलो, हातापाया पडलो, लेकीला सासरहून बोलावून घेतलं आणि तिलाही आईपुढं रडायला लावलं. शेवटी ती थकून म्हणाली, "असं करू. देवाला विचारू. बकरं घिऊन डोंगरावर जाऊ. त्यानं झाडलं तर तुमी म्हणताल तिथं येते. न्हाय झाडलं तर दवाखान्याचं नाव काढायचं न्हाय. कबूल?"

तिच्या माहेरची ही जुनी रीत. देवापुढं बकरं उभं करायचं, पाठीवर पाणी ओतायचं आणि वाट बघायची. बकऱ्यानं अंग झाडलं की देवानं होकार दिला. त्या देवाला कापलेलं चालत नाही, म्हणून मग बकरं डोंगरावरच सोडून द्यायचं. मी लगेच कबूल झालो. मनात म्हटलं, अंगावर गार पाणी पडल्यावर कुठलं जनावर झाडत नाही? डाव आपलाच.

संक्रांत होऊन गेली होती. तिचा धाकटा भाऊ अजून शेरडं-मेंढरं राखतो. त्यानं आपल्या कळपातलं एक करडं बकरं आणलं होतं. पहाटेच टेम्पोनं आम्ही धरणाच्या काठाला गेलो. मासे धरणाऱ्यांची होडी सांगून ठेवली होती. होडी हलली तसं बकरं बिथरलं, पाणी उडालं, आणि मेहुणा घाईघाईनं आपल्या घोंगड्यानं त्याला पुसायला लागला. "इथंच झाडलं म्हंजी फुकट जाईल दाजी," तो म्हणाला. बायको डोक्याला स्कार्फ गुंडाळून बकऱ्याच्या शेजारी बसली होती. दावं तिच्याच हातात. ते तिनं कुणाला धरू दिलं नाही.

डोंगर फार उंच आहे असं नाही. धडधाकट माणूस सकाळी निघून दुपारच्या आत खाली येतो. आम्हाला वर पोचायलाच दुपार टळून गेली. पायवाट मुरमाची, पाय घसरतो. ती दहा पावलं टाकायची आणि एखाद्या दगडावर बसायची. बकरं शेजारच्या बोरीचा पाला ओरबाडायचं. ती उठली की तेही चालायला लागायचं. मेहुणा पाठमोरा होऊन खाली वाकला आणि म्हणाला, "अक्का, बस पाठीवर. लहान हुतो तवा तू मला न्हेलीस की."

"देवाकडं पायी जात्यात," ती म्हणाली.

मी मागून तिच्या टाचा बघत चाललो होतो. चपलेत तिचा पाय सैल झाला होता. मला इतका राग येत होता की काय सांगू. देवाचा, डोंगराचा, त्या धरणाचा, बोरी खात रमतगमत चाललेल्या बकऱ्याचा. एवढं चालायची ताकद आहे तर ती बार्शीच्या बसमध्ये चढायला का नाही, असंही वाटून गेलं. माणूस किती हलकट विचार करू शकतो याला काही सुमार नाही.

अर्ध्यावर एक सपाट जागा आहे. तिथून पाणी दिसतं. तिनं हात लांब करून दाखवलं, इथं शाळा होती, तिथं आमचा मेंढरं कोंडायचा वाडगा, त्याच्या पलीकडं चिंच. मला नुसतं पाणी दिसत होतं. मग तिनं विचारलं, "दिलेला शब्द पाळताल न्हवं?"

"पाळीन."

"न्हाय, तुमी लई हट्टी हाव. मागनं काय तरी काढताल."

"पाळीन म्हटलं ना," मी खेकसलो.

माथ्यावर देऊळ नाही. शेंदूर फासलेला एक तांदळा आहे, म्हणजे नाकडोळे नसलेला नुसता दगड, आणि भोवती दगडांचा कठडा. मेहुण्यानं भंडारा वाहिला, बकऱ्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. बायकोनं तांब्यातलं पाणी त्याच्या पाठीवर ओतलं, शेपटीपासून मानेपर्यंत. आम्ही तिघं हात जोडून उभे राहिलो.

बकऱ्यानं मान वाकडी केली आणि गळ्यातली माळ खायला सुरुवात केली.

अशा वेळी देव रुसला असं समजतात आणि त्याची माफी मागतात. मेहुणा मोठ्यानं बोलायला लागला, "देवा, गाव उठलं, आमी पांगलो, वरसाला यायचं हुईना. चुकलं आमचं. पदरात घे." पुन्हा पाणी. बकरं थिजल्यासारखं उभं. अंगावरून पाणी निथळत होतं, पण कातडी हलेना. मग मी, जन्मात कुठल्या दगडापुढं न वाकलेला माणूस, गुडघ्यावर बसलो. म्हटलं, बाबा रे, मी तुझी टिंगल केली, तिचा काय दोष? झाडायला सांग त्याला. एवढं एक कर. माझा आवाज फाटला होता आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

बकरं चक्क खाली बसलं. पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून रवंथ करायला लागलं.

तीही त्याच्याजवळ बसली. तिनं फडकं सोडलं, भाकरी काढली, शेंगदाण्याची चटणी काढली आणि खायला लागली. कितीतरी दिवसांनी ती आपण होऊन खात होती. तोंडावरचा ताणही गेला होता. एक तुकडा तिनं बकऱ्यापुढं धरला, एक मला दिला. मला आपलं वाटलं, वरची हवा मानवली हिला. आता औषधंही मानवतील. "अजून एकदा ओतू का पाणी?" मेहुण्यानं विचारलं.

"बास की आता," ती म्हणाली. "ऊन कलायला लागलं. न्हाय म्हणतोय देव, तर न्हाय."

मेहुण्यानं सामान आवरायला घेतलं. त्या खुडबुडीनं बकरं उठलं. पुढचे पाय ताणले, आणि कानापासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं की पाण्याचे थेंब माझ्या तोंडावर आले.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. मेहुण्याच्या गळ्यात पडलो, दगडापुढं लोटांगण घातलं, हुंदके देऊन रडलो. मान वर केली तेव्हा ती माझ्याकडं बघत होती. खूप वेळ बघत होती. मग हातातला घास तिनं परत फडक्यात ठेवला आणि गाठ मारली.

"सोमवारी जाऊ बार्शीला," ती म्हणाली.

तिनंच बकऱ्याच्या गळ्यातलं दावं काढलं. ते दोन उड्यांत कातळाआड गेलं. उतरताना तिनं माझा हात धरला होता. मी सारखा बडबडत होतो, लेकीला फोन करू, घरी गेल्यावर शिरा करू. पाणी दिसायला लागलं तशी ती थांबली. मेहुणा पुढं गेला होता.

"बकऱ्याला सोडलं," ती म्हणाली. "मलाबी सोडा की आता."

"येड्यावानी बोलू नकू," मी म्हणालो. "देवानं ऐकलंय आपलं."

ती उतरायला लागली. बार्शीला न कुरकुरता आली. नंतर सुई टोचायला हाताच्या शिरा सापडेनाशा झाल्या, तोंड आलं, पाण्याचा घोटसुद्धा खाली जाईना. मी उशाशी बसून तिला सांगत राहायचो, देवाचा होकार आहे. ती मान हलवायची. उन्हाळा संपायच्या आत ती गेली. घरी नाही, दवाखान्यात, हाताला सुई असताना.

या वर्षी मेहुणा म्हणाला, अक्काच्या नावानं एकदा डोंगरावर जाऊन येऊ. गेलो. आता ती सोबत नसल्यानं लवकर पोचलो, याचाही त्रास झाला. माथ्यावर कठड्याच्या सावलीत सोडलेली पाच-सहा बकरी बसली होती. आपलं करडं त्यातच होतं, चांगलं अंगानं भरलेलं. आमची चाहूल लागली तशी ती एकेक करून उठली. पाय ताणले, आणि एकामागून एक सगळ्यांनी अंग झाडलं. पाणी कुणी ओतलं नव्हतं.

मी मेहुण्याकडं बघितलं. तो खाली बघत म्हणाला, "बसलेलं शेरडू उठलं की झाडतंयच, दाजी."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी बी तसंच."

"तिला ठावं होतं?"

"तिनंच शिकवलं मला शेरडं राखायला," तो म्हणाला. "म्या तिच्याकडं बघितलं. ती तुमच्याकडं बघत हुती. तुमी रडत हुता. ती काय बोलली न्हाय, मग म्या बी न्हाय बोललो."