सकाळचे मामा, संध्याकाळचा सलीम

शेंद्र्याच्या आमच्या कंपनीत किस्से शोधत हिंडावं लागत नाही. शिफ्ट बदलताना गेटवर उभं राहिलं की झालं! मी क्वालिटीत, जनरल शिफ्टला. त्यामुळं माणसं सकाळचीही दिसतात आणि संध्याकाळचीही. त्यातही एकाच मशीनवरची ही जोडी बघावी: करमाडचे शिंदे मामा आणि छावणीतला सलीम. एक आठवडा मामा सकाळच्या फर्स्टला, सलीम दुपारनंतरच्या सेकंडला. पुढच्या आठवड्यात उलटं.

* * *

एकदा सकाळी मी सलीमचा जॉब, म्हणजे त्यानं मशीनवर केलेला पार्ट, रिजेक्ट केला. एकच! त्याचे डोळे भरून आले. "ताई, मैं इस काम के लायकच नै."

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी अख्खा ट्रे रिजेक्ट केला. तर हसून म्हणतो, "टेन्शन नका घेऊ ताई, सेटिंग हललीय, करतो. आधी चहा घ्या!"

* * *

मामांचं नेमकं उलटं. पहाटे म्हशीची धार काढून ताजेतवाने येतात. सकाळी मशीन बंद पडलं तरी म्हणणार, "पडू द्या, तिला बी दम पायजे."

पण सेकंड शिफ्टला जेवणं झाली की यांच्याकडं पानासुद्धा मागायची सोय नाही. "समदे माझ्याच मागं का लागले? नाय करायची मला नोकरी!" म्हणत राजीनामा लिहून देणार. सुपरवायझर तो मुकाट्यानं खिशात ठेवतो. सकाळी मामांचा फोन येतोच, "फाडला ना? लई उपकार झाले."

* * *

कंपनीनं ताणतणावावर ट्रेनिंग ठेवलं होतं. पाहुण्यांनी सलीमला विचारलं, "ताण आला की तुम्ही काय करता?"

सलीमनं जरा विचार केला. "सर, सकाळी येतोय का संध्याकाळी?"

* * *

काळे साहेब आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. शिस्तीचे! एका सकाळी सलीमनं अर्धवट झोपेत टूल तोडलं, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "झोप हा सवयीचा प्रश्न आहे. आणखी एकदा सकाळी चूक झाली की मशीन सोडायचं आणि पॅकिंगला जायचं."

सलीम हादरला. आयटीआयपासून पोराला एवढंच हवं होतं, स्वतःचं मशीन. मला त्याच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी मामांची सेकंड होती, तरी ते मुद्दाम सकाळच्या बसनं आले. "तुझी फर्स्ट मी घेतो, माझी सेकंड तू घे. कायमची."

"साहेब को पता चला तो?"

"सकाळी मला कशाचंच भ्या वाटत नाय!"

हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसला कसं पटवलं ते विचारू नका.

* * *

आता शिफ्टच्या चार्टवर सलीमची फर्स्ट असली तरी मशीनवर मामाच. साहेब राऊंडला आले की विचारायचे, "सलीम कुठंय?"

"बाथरूमला गेलाय साहेब. मी बघतोय जरा."

हे इतक्या वेळा झालं, की एक दिवस साहेब गंभीरपणे मला म्हणाले, "त्या सलीमला शुगर तपासून घ्यायला सांगा." हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली!

* * *

मग वर्षाचं बक्षीस जाहीर झालं. सगळ्यात कमी रिजेक्शन कुणाचं, तर मामा-सलीमच्या मशीनचं! सत्कार सकाळी सातला, आणि बदलत्या शिफ्टची सवय कशी लावून घेतली यावर दोघांनी दोन शब्द बोलायचे.

सलीमचा चेहरा पडला. सकाळी सातला याच्या हातात माईक दिला तर हा रडत रडत सगळं ओकणार, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. बक्षीस राहिलं बाजूला, मशीन जायची वेळ आली. मामा म्हणाले, "मी सांगतो साहेबाला खरं काय ते. पण सकाळी."

सकाळी मामा साहेबांच्या केबिनकडं निघणार, तेवढ्यात साहेबच खाली मशीनपाशी आले.

"कार्यक्रमात थोडा बदल केलाय," ते म्हणाले. "मामांना हार सकाळी सातला घालू. सलीमला संध्याकाळी सातला."

साहेब दारापर्यंत जाऊन माझ्याकडं वळले.

"आणि सलीमची शुगर आता नॉर्मल आहे ना?"