वर्षश्राद्धाचं थेट प्रक्षेपण

बाबांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी माझा धाकटा भाऊ वारला आणि थोड्या वेळाने परत आला. या दोन्ही गोष्टींना मीच कारणीभूत होतो, असं आमच्या उमरेडच्या नातेवाइकांचं आजही ठाम मत आहे.

विलास कॅनडात असतो. बाबा गेले तेव्हा त्याला येता आलं नाही. मी घाटावर मोबाईल उंच धरून त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं. पण आमचं घर बुटीबोरीच्या पलीकडे, नव्या लेआउटमध्ये, आणि घाट त्याच्याही पलीकडे. ऐन वेळी रेंज गेली. विलासला बाबा दिसलेच नाहीत. दिसला तो धूर आणि माझा अंगठा. त्याने त्याबद्दल एका शब्दाने तक्रार केली नाही, म्हणून आईला ते जास्तच लागलं.

"या खेपेले त्याले सगळं दिसलं पाहिजे," वर्षश्राद्ध जवळ आलं तशी आई म्हणाली. बाबा गेल्यापासून ती बोलायचीच कमी. त्यामुळे हा हुकूम होता.

इंटरनेटची तार काही आमच्या लेआउटपर्यंत पोचत नव्हती. ("पुढच्या महिन्यात येऊन राहिली साहेब," हे ऐकत ऐकत आम्ही घर बांधलं, वास्तुशांत केली आणि बाबांना पोचवलंही.) शेवटी मी उपग्रहावरून येणारं इंटरनेट घेतलं. खोक्यातून पाटाएवढी पांढरी तबकडी निघाली. ती गच्चीवर ठेवायची, तिला मोकळं आकाश दाखवायचं, बाकी सगळं ती करते, असं पत्रकात लिहिलं होतं.

मोकळं आकाश आमच्याकडे भरपूर होतं, फक्त त्याच्यामध्ये बाबांनी लावलेला शेवगा होता.

"एकच फांदी छाटतो," मी म्हणालो.

"त्याले हात नको लावू," आई म्हणाली. "लावणारा गेला, आता झाड बी घालवतो का?"

मी पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडला एक पाइप बांधला आणि तबकडी त्याच्या टोकावर बसवली. खाली उतरून मोबाईलवर वेग मोजला. आकडा शंभराच्या वर गेला. माझ्या आयुष्यात इतके मार्क मला कशातच मिळाले नव्हते.

तिथून मला मोजायचा रोग जडला. उठल्यावर मोजायचं, जेवताना मोजायचं, मिलमधल्या कामावरून आल्यावर चपला काढायच्या आधी मोजायचं. आकडा कधी शंभर, कधी साठ, कधी चार. चार आला की मी गच्चीवर जाऊन तबकडी बोटभर सरकवायचो. मग सहा यायचा. सहाचा आनंद मानून मी पुन्हा मोजायचो, की तीन.

माझी बायको सुनंदा आमटी ढवळता ढवळता म्हणाली, "अहो, तुम्ही मोजून राहिले म्हणून ते अडकून राहिलं."

मी तिला उपग्रह म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मग कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने माझी पूर्ण हकिकत ऐकली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाली, "सर, आप टेस्ट करना बंद कर दीजिए. टेस्ट ही सारी स्पीड खा रहा है." हे मी सुनंदाला सांगितलं नाही. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सांगायची गरजही नव्हती.

श्राद्धाचा दिवस उजाडला. पौषातली थंडी होती. चौरंगावर बाबांचा फोटो, फोटोला झेंडूचा हार, आणि शेजारी लोट्याला टेकवून टॅब ठेवला होता. टॅबमध्ये विलास. तिकडे अपरात्र, बाहेर बर्फ, पण पठ्ठ्या आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, उघड्या अंगावर उपरणं घेऊन बसला होता. त्याचा आवाज घरातल्यासारखा स्वच्छ येत होता. आईने पदर डोळ्यांना लावला. मला धन्य वाटलं. धन्य वाटताच मी सवयीने मोबाईल काढून वेग मोजला.

विलास अडकला.

"यजमान, मोबाईल खाली ठेवा," गुरुजी म्हणाले. "हातात दर्भ आहे तुमच्या."

विलास सुटला, पण माझं मन सुटेना. तो पुन्हा जरा फिकट दिसला की मी, "आलोच गुरुजी," म्हणून धोतर सावरत गच्चीवर. तबकडी हलवायची, खाली यायचं, तर्पणाचं पाणी सोडायचं, पुन्हा वर. दुसऱ्या खेपेला गुरुजींनी मंत्र थांबवला. तिसऱ्या खेपेला तोही थांबवला नाही.

तिसऱ्या खेपेला टॅबमधला विलास पार थांबला होता. वर जाऊन बघतो तर तबकडीवर कावळा. ती चालू असली की कोमट राहते, आणि हा तिच्यावर पंख फुलवून ऊन खात बसला होता. खाली कठड्यावर त्याच्यासाठी पान वाढून ठेवलेलं. तिकडे तो बघतही नव्हता.

मी हात उगारला.

"हाकलू नको गा त्याले!" खिडकीतून आई ओरडली. "एवढ्या वेळानं एक आला हाय!"

आता करता काय? कावळा उडवावा तर पान तसंच राहणार, बाबा अतृप्त. बसू द्यावा तर विलास अडकलेला. ओल्या धोतरात कुडकुडत मी कावळ्यापुढे हात जोडून उभा राहिलो. काहीतरी बोललोही असेन. बाबांशी मी हयातीतसुद्धा असाच बोलायचो, तेही असेच दुसरीकडे बघायचे.

तेवढ्यात खालून किंकाळी आली.

ती उमरेडच्या आत्याची, म्हणजे बाबांच्या बहिणीची होती. तिची बस उशिरा पोचली होती. डोळ्यांना कमी दिसतं. ती घरात शिरली ती थेट चौरंगापाशी. तिथे तिला दोन फोटो दिसले. एक भावाचा. दुसरा भाच्याचा: कपाळाला गंध, डोळे मिटलेले, हात जोडलेले, हालचाल नाही. तिने बाबांच्या फोटोवरचा अर्धा हार तोडून टॅबवर वाहिला आणि गळा काढला.

"विलास बी गेला! मले सांगतलं बी नाही वं वहिनी! काहून लपवलं?"

मी धावत खाली आलो. आई आत्याला सावरत होती, सुनंदा "आत्याबाई, अडकला आहे तो, अडकला आहे," म्हणत होती (त्यावर आत्या, "फाशी?" म्हणून आणखी कोसळली), आणि अशा वेळी टॅबमधून, झेंडूच्या आडून, आवाज आला.

"आत्या, मी आहो."

आत्याने टॅब उचलून छातीशी धरला. विलासला आता फक्त अंधार दिसत असणार. त्या अंधारात तो एकदम रडायला लागला. वर्षभर न रडलेला माणूस, लहान मुलासारखा हुंदके देत. "मले बाबा दिसले नव्हते, आत्या," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. गुरुजींनी पोथी मिटली. आईने आत्याच्या हातावर हात ठेवला, आणि दोघींच्या मध्ये तो टॅब बराच वेळ रडत राहिला. एकदाही अडकला नाही.

मी गच्चीवरून उतरताच कावळाही कठड्यावर उतरला होता आणि भात खाऊन गेला होता. हे खिडकीपाशी बसलेल्या सगळ्या पाहुण्यांनी पाहिलं. मी तेव्हा जिन्यात होतो.

दिवेलागणीला पाहुणे गेले. मी स्वयंपाकघरात आईशेजारी बसून लसूण सोलत होतो. मावशीचा फोन आला, कार्य कसं झालं म्हणून.

"चांगलं झालं," आई म्हणाली. "विलास होता ना. सुरुवातीपासून आखरीपर्यंत बसलं होतं मायं लेकरू."

मावशीने पलीकडून काहीतरी विचारलं. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं.

"नाही वं," ती म्हणाली. "मोठ्याले काही यायले जमलं नाही."