डोरीनबाईंचा चहा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — माझ्या बायकोला, शुभालाही नाही, आणि ती तर त्या दिवशी तिथेच होती! मी बटलर झालो होतो तो किस्सा इथल्या मराठी मंडळाच्या पार्ट्यांत सगळ्यांनी ऐकलाय. शेपटीवाला कोट, पोटावर न लागणारी बटणं, हशा. त्या किश्शातून एक बाई मी दर वेळी गाळतो. का गाळतो? — तेच सांगायचंय.

दोन हजार पाच-सहाचा सुमार. इथे परदेशात, तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात हिशेब तपासून विटलो होतो, म्हणून हौशी इंग्रजी नाटकवाल्यांत घुसलो. तिथे डोरीनबाई भेटल्या. बुओना व्हिस्टाला मुलाच्या कॉन्डोत राहायला आलेल्या. जन्म लंडनच्या रंगभूमीवर आणि टीव्हीवर गेलेला, पण कायम कुणाची तरी मोलकरीण, नर्स, शेजारीण.

"चाळीस वर्षं ट्रे घेऊन आत आले," हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, कोपी — इथली दाट कॉफी — ढवळत त्या म्हणाल्या. "ठेवला की बाहेर. या नाटकात मी बसून राहणार, आणि चहा माझ्याकडे येणार. तुझ्या हातून. उशीर करू नकोस हं."

मी आणि उशीर? छे!

नाटकात डोरीनबाई बंगल्याच्या मालकीण, मी बटलर. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला की मी ट्रे घेऊन आत जायचं. माकडालाही जमलं असतं — पण माकडाला कोटात फोटो काढून घ्यायची हौस नसते.

प्रयोग चालू असताना शुभा नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी कॅमेरा घेऊन उभी. "अहो, पोट आत घ्या! अजून. याला आत म्हणतात?"

मी पोट आत घेत राहिलो. धावत परतलो तेव्हा विंगेतल्या स्टुलावर ट्रे नव्हता. फटीतून पाहिलं — डोरीनबाई स्वतःच ट्रे घेऊन आपल्या खुर्चीकडे चालल्या होत्या. पाठ ताठ, पावलांचा आवाज नाही. आणि टेबलावर चष्मा होता. मी पाहिला — होता.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक उखडला. तो दुसऱ्या विंगेत अडकलेल्या दोरीशी झटत होता. चष्मा ठेवलेला त्याने पाहिला नव्हता. "बटलर कुठे होता?"

आणि मी — एरवी तोंडाला कुलूप नसलेला मी — एवढंच बोललो: "विंगेतच होतो. त्यांनी चष्मा ठेवलाच नाही."

डोरीनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या चष्म्याकडे. "विसरले असेन," त्या म्हणाल्या. "ट्रे दिसला की हात जातो रे."

मला सांभाळून घेतलं? की त्या वयात त्यांना खरंच तसं वाटलं? मी विचारलं नाही. पुढच्या नाटकात त्यांना काम नव्हतं. "विसरायला लागली बिचारी," सगळे म्हणाले — मीही मान हलवली. मग त्या इंग्लंडला परत गेल्या.

काही वर्षांनी आमच्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर एक जुनी इंग्रजी मालिका लागली होती. कुणी श्रीमंत बाई सोफ्यावर बसलेली. दार उघडलं आणि तरुण डोरीनबाई ट्रे घेऊन आत आल्या. अगदी वेळेवर.

"बाबा, यू ब्लॉकिंग लाह!" मुलगी ओरडली.

मी कधी उठलो, टीव्हीसमोर जाऊन ट्रे घ्यायला दोन्ही हात कधी पुढे केले — कळलंच नाही. तोवर त्या ट्रे ठेवून बाहेर गेल्या होत्या.