टाइपला मराठीत काय म्हणायचं

१४ डिसेंबर २००५. सकाळी मी शिकवायचे त्या संगणक संस्थेतले आठही कीबोर्ड उलटे करून झटकले. कापसाच्या हंगामात नेरमध्ये हे रोजचंच काम. शेजारच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमधून उडालेले तंतू बटणांखाली जाऊन बसतात.

त्या वर्षी कापसाच्या पडलेल्या भावानं घरोघरी हात आखडायला लावले होते. जावा या संगणकभाषेच्या बॅचमध्ये सात जणांपैकी एक मुलगी उरली होती, जवळच्या खेड्यातून एसटीनं येणारी. तीही यायची थांबली तर बॅच बंद, असं संस्थेच्या चालकांनी मला सांगून ठेवलं होतं. माझी नोकरी गेली नसती, टायपिंगचे वर्ग होते. पण टायपिंगच्या वर्गात कुणी बोलत नाही. खोलीवर मी एकटी; डबासुद्धा दारात ठेवलेला असायचा. दिवसभरात माझं कुणाशी बोलणं व्हायचं ते त्या दीड तासात, तेही जावातल्या क्लास आणि टाइप यांच्याविषयी.

पुस्तकातलं इंग्रजी तिला जड जायचं, म्हणून मी मराठीत टिपणं काढली होती. त्या दिवशी भारनियमन होतं, तेव्हा फळ्यावरच शिकवलं. क्लास म्हणजे वस्तू आतून कशी घडली त्याचा आराखडा. टाइप म्हणजे तिच्याकडून कोणतं काम मागता येईल त्याची हमी. बाजारातल्या काट्यावर बैलगाडी येते, टेम्पो येतो, ट्रॅक्टरची ट्रॉली येते. घडण वेगळी, म्हणून क्लास वेगळे. वजन मात्र तिघांचंही करता येतं, म्हणून काट्यासाठी टाइप एक.

"हे समजलं," ती म्हणाली. "काटेवाला काही गाडीले तुहा बाप कोण, असं नाही विचारत."

मी हसले. तिनं टिपणाचं पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं, "वस्तूची जात तिच्या पालक-क्लासवरून ठरते." मग विचारलं, "मॅडम, जात कायले लिहिलं?"

"टाइपला मराठीत जात. आंब्याची जात, कापसाची जात, तसं."

"कापसाले चालते. दुसरा शब्द नाही भेटला तुमाले?"

"शब्दात अडकू नकोस. पुढं वाच."

"पुढं काय वाचू? आताच म्हणलं ना, काम पाहून टाइप भेटते? बैलगाडीचा अन् टेम्पोचा बाप एक हाय का? मंग हे वाक्यच चुकलं." तिनं वही मिटली. "शाळेच्या दाखल्यावर हा रकाना हायेच. इथं नसंन असं वाटलं होतं."

गाडीला अर्धा तास असताना ती निघून गेली.

एका क्लासवरून दुसरा बेतला, की पहिल्याकडून, म्हणजे पालक-क्लासकडून, टाइप मिळतो हे खरं. तेवढ्यावरच ठरतो हे चूक. ठरलेलं काम करायचं कबूल केलं की कुठल्याही क्लासला तो टाइप मिळतो, त्यालाच इंटरफेस म्हणतात. मला हे येत होतं, शिकवतही होते. लिहिताना मात्र हात सवयीनं दुसरीकडे वळला. माझं आडनाव ऐकल्यावर मला कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. तो शब्द मला कधी टोचलाच नव्हता.

तिच्या घरी फोन नव्हता. संध्याकाळी डबा उघडला आणि अर्धाच खाल्ला. उद्या चालकांना काय सांगायचं ते मनात जुळवत बसले, तर एकही वाक्य धड होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पान नव्यानं लिहिलं आणि तिच्या गाडीच्या वेळेला स्टॅंडवर जाऊन उभी राहिले. ती सगळ्यांत शेवटी उतरली.

"तुमी इथं?"

"पान बदललंय."

तिनं उभ्या उभ्या दोनदा वाचलं. "प्रकार. बरं हाय." मग म्हणाली, "एका वस्तूले प्रकार किती असू शकतेत?"

"कितीही."

"अन् क्लास?"

"ज्याच्यापासून ती घडली, तो एकच."

"मंग हे काहून नाही लिहिलं?"

मी पिशवीतून पेन काढलं, स्टॅंडच्या बाकावर पान ठेवलं आणि ते वाक्य खाली लिहिलं.