थेंब बी नई

आईच्या दुधाचा महिमा माझ्या आईच्या आत्येइतका पटलेली बाई अख्ख्या खानदेशात सापडणार नाही. म्हणूनच माझ्या बाळंतपणासाठी पिंपळनेरहून जळगावला आल्यापासून ती घरात येणाऱ्या प्रत्येकाला मला दूध नसल्याचं सांगत होती.

तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्काचा सिद्धांत असा, की चारचौघांत दुधाचं चांगलं बोललं की नजर लागून ते आटतं. तेव्हा आधीच नाही म्हणून मोकळं व्हावं. शेजारच्या काकू चपला काढेपर्यंत अक्काचा सूर लागे, "काय सांगू माय, थेंब बी नई. पोर उपाशीच शे बिचारी." काकू हळहळायच्या आणि चहा पिऊन जायच्या. सिलिंडर टाकायला आलेल्या माणसालाही अक्काने हेच सांगितलं. त्याने शतावरी सुचवली. दार लागलं की मात्र ती माझ्यापुढे हळिवाच्या खिरीची वाटी आदळे, "पी. पोर वाट देखी ऱ्हायनी." वांग्याचं भरीत बंद होतं. जळगावात याला जवळपास तुरुंगवास म्हणतात.

मी आतल्या खोलीत पडून हे सगळं ऐकायची. सारखं पाजूनही मुलगी रडायची. टाके ओढायचे, पाठीचं लाकूड झालेलं, झोप म्हणजे ऐकीव गोष्ट. अक्काच्या बातमीवर शेवटी सर्वांत जास्त विश्वास माझाच बसला. मी धुळ्याला नवऱ्याला फोन करून पावडरच्या दुधाचा डबा मागवला. डबा येताच अक्काने तो फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवला.

तो उघडण्याआधी मुलीचं वजन करायला आम्ही दवाखान्यात गेलो. नर्सबाई काटा पाहून म्हणाल्या, "मस्त वाढलंय की! भरपूर दूध आहे तुम्हाला."

मला रडू फुटलं. अक्काने मुलीला झटकन उचललं आणि ती नर्सबाईंवर खेकसली,

"चूप व माय! काटा बिघडेल शे तुना."

रिक्षात मात्र तिने माझा हात घट्ट धरला. हळूच म्हणाली, "ते लोकेसले सांगानं व्हतं, येडी. तुनासाठे नई."

अक्का आता पिंपळनेरला परत गेली. खीर मागितल्याशिवाय कोणी आणत नाही, आणि दारात कोणी आलं की घर उगाच गप्प वाटतं. काल काकू आल्या. मुलीला मांडीवर घेत त्यांनी विचारलं, "आता पुरतं का गं दूध?"

"कुठलं हो काकू," मी म्हणाले, "थेंबभरही नाही."

काकू हळहळल्या. मुलगी त्यांच्या साडीवर दूध ओकली.