चतुर बसेल ते पाणी

आमचे पाणके गेनबा पाणी भरायच्या आधी चतुर शोधायचे. तळवड्याच्या आमच्या वर्कशॉपमागून तेव्हा ओढा वाहायचा. मधल्या एखाद्या दगडावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, शेपटीला आकडा असलेला चतुर दिसला, की तिथंच त्यांची घागर बुडायची. "ह्याची पिल्लं वाळूत पुरून ऱ्हात्यात. घाण पाण्यात जगायची न्हाईत," म्हणायचे.

"गेनबा, चतुरसाहेबांनी सही केली का?" लेथवाले चिडवायचे.

"केली की! तुज्यापरीस झ्याक करतो त्यो."

मी लातूरकडचा, सातवीतून शाळा सोडलेला, टेंपररी. मेस्त्री नुसते खाकरले तरी मला घाम फुटायचा. पहिल्या आठवड्यात मला कोरडी भाकरी खाताना पाहून गेनबांनी आपलं कालवण पुढं सरकवलं होतं. "खा रं. परमुलखात लाजून भागत न्हाई."

एका शनिवारी मेस्त्रींनी लेथवरचं नासलेलं, दुधाळ तेलकट पाणी फेकायला सांगितलं. ते लांब माळावर नेऊन टाकायचं, हे मला माहीत होतं. पण शिफ्ट सुटायच्या आत उरकलं नाही तर काढून टाकतील, या धास्तीनं मी चारही डबे वरच्या अंगाला ओढ्यात ओतले.

सोमवारी माठ कोरडे. मेस्त्री कडाडले, "गेनबा, पाणी कुठंय?"

"दगडावर तवंग हाय, चतुर न्हाई. त्ये पाणी मी कुणाला पाजायचा न्हाई."

"किड्याच्या नादानं घरी बसाल एक दिवस!"

गेनबांची नजर माझ्या विजारीवरच्या पांढऱ्या डागांवर थांबली. मग त्यांनी कावड उचलली. तेव्हापासून साठीचा तो माणूस गावातल्या विहिरीवरून पाणी आणू लागला. कावड दारात टेकली की मी लेथमागं सरकायचो. रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज गिळायचो.

दिवाळीनंतर मी नोकरीत पक्का झालो. पेढे घेऊन आधी गेनबांकडेच गेलो आणि रडत सगळं कबूल केलं.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "तवा बोलला आसतास तर तुला गावची यष्टी धरावी लागली आसती. म्हून गप ऱ्हायलो. आता पक्का झालास न्हवं? जा, सांग मेस्त्रीस्नी."

"आता? आता कशाला, गेनबा?"

"तुजं बघून बाकीचंबी तिथंच वतत्यात."

मी गेलो. सांगितलं. मेस्त्रींनी सगळ्यांदेखत सोलून काढलं.

दुसऱ्या दिवशी गेनबांनी शाबासकी दिली नाही. हातात कुदळ दिली. "त्या तेलकट पाण्यासाटी वढ्यापासनं लांब खड्डा घे. आन् चांगला कमरेएवढा."