बोटीवाले काका आणि देशोदेशीचे संडास

जग पाहून आलेली माणसं मुंबईत पैशाला पासरी मिळतील, पण जगातले संडास पाहून आलेला माणूस एकच, आणि तो घाटकोपरच्या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. आम्ही त्यांना बोटीवाले काका म्हणायचो. मूळचे देवगडकडचे, बिनलग्नाचे, मालवाहू बोटीवर खलाशांचा स्वयंपाक करण्यात बावीस वर्षं घालवून सन ऐंशीच्या सुमारास घरी बसलेले. राजवाडे, पूल, बागा यातलं त्यांना काही म्हणजे काही आठवायचं नाही. लंडनचं नाव काढलं की साहेबाची कीव करत सांगायचे, "न्हाणीघरात गालिचा, भिंतभर आरसा, आणि पाण्याच्या जागी कागद. एवढं जगावर राज्य केलं, पण धुवायला नाही शिकले." हँबर्गच्या बंदरावर म्हणे पांढरा एप्रन घातलेली बाई दाराशी बसायची आणि माणूस बाहेर पडला की आत जाऊन भांडं पुसायची, काका लाजेने पुन्हा तिकडे फिरकलेच नाहीत. बसऱ्याला ऊन मरणाचं, पण पाण्याची झारी सदा भरलेली, म्हणून ते शहर त्यांच्या लेखी सुसंस्कृत.

पहिला नंबर मात्र जपानचा, कारण तिथे संडासाच्या चपला वेगळ्या असतात. आता हे सांगून गप्प बसतील तर ते काका कसले! आमच्या चाळीत चार बिऱ्हाडांत मिळून एक संडास, त्याला कुलूप, आणि प्रत्येकाच्या दारामागे खिळ्याला एकेक किल्ली. काकांनी त्या संडासाबाहेर हिरव्या रबरी चपलांचा जोड आणून ठेवला. आठ दिवसांत कोपऱ्यातल्या खोलीतल्या मावशी तोच पायात सरकवून सत्यनारायणाच्या प्रसादाला जाऊन आल्या. काकांनी कपाळाला हात लावला आणि जपानचा नाद सोडला. फिनेल आणि खराटा मात्र सोडला नाही. दर रविवारी सकाळी धोतर खोचून ते संडास असा घासायचे की आमच्या घरची भांडी लाजावीत.

मला एकदा चेंबूरचं स्थळ सांगून आलं. माझे वडील, म्हणजे आप्पा, शाळामास्तर होते. ते काकांना मोठ्या विश्वासाने बरोबर घेऊन गेले. बाकी सगळ्यांनी मुलगा पाहिला, काकांनी संडास पाहिला. परत येताना रस्त्यातच निकाल दिला, "मास्तर, झील बरो आसा, पण टमरेल कोरडा आणि कोपऱ्यात जाळी. आपल्या पोरीला घासत बसावं लागेल." आप्पांनी नकार कळवला. मी महिनाभर काकांशी अबोला धरला. मुलगा दिसायला झकास होता हो!

पुढे आप्पा जिन्यावरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. दीड महिन्याने हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा गुडघा लाकडासारखा ताठ झालेला. उकिडवं बसणं विसराच. घरात भांडं आणलं, तर आईने आणि मी ते उचलायचं या कल्पनेनेच त्यांनी तोंड फिरवलं. त्यानंतर त्यांचं खाणं कमी झालं. चार घास, मग दोन घास, पाणी तर घोटभर. आई पेज करायची, मी फोर्टातल्या ऑफिसातून येताना मोसंबी आणायचे. ती तशीच सुकायची. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, टॉनिक द्या. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला आणि आम्हाला कळेना की हा आजार कुठला. खरं सांगते, मी मनातून हाय खाल्ली होती.

काका आले, उशाशी भरलेला तांब्या पाहिला, मोसंबी पाहिली, आणि आम्हा दोघींना गॅलरीत जायला सांगितलं. आतलं बोलणं दारातून ऐकू येत होतं.

"मास्तर, जायला लागू नये म्हणून जेवत नाही ना?"

आप्पांनी चादर तोंडावर ओढली. मग म्हणाले, "पोरीने उचलायचं माझं? त्यापेक्षा मेलेलं बरं."

मला तिथेच रडू फुटलं. घरात दोन बायका रात्रंदिवस राबत होतो, पण हे आमच्या लक्षात आलं नाही.

काकांच्या खोलीत बसायची वस्तू एकच होती, सिंगापूरहून बोटीवर घालून आणलेली सागवानी हातांची खुर्ची. दुसऱ्या दिवशी त्यांनी करवत घेऊन तिच्या बैठकीला गोल भोक पाडलं आणि कडा काचपेपरने घासून गुळगुळीत केल्या. बाकीच्या दोन बिऱ्हाडांकडून सकाळी अर्धा तास मागून घेतला, खुर्ची संडासात बरोबर मांडली आणि आप्पांना म्हणाले, "विलायतेत लाटसाहेबसुद्धा खुर्चीवरच बसतो. चला." आप्पा बसले खरे, पण पाय ताठ, त्यामुळे दार लागेना. मग काका स्वतःच दार झाले. खांद्यांवर चादर पसरून उंबऱ्यात पाठमोरे उभे राहिले आणि आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खड्या आवाजात चाळीला हँबर्गच्या बाईची गोष्ट सांगू लागले. सगळ्यांना ती पाठ होती. सगळ्यांनी ऐकली.

त्या दुपारी आप्पांनी आईकडे दुसऱ्यांदा भात मागितला. तिने पातेलंच त्यांच्यापुढे आणून ठेवलं.

साडेतीन महिने रोज हे चाललं. काका खुर्ची न्यायचे, दार व्हायचे, खुर्ची धुवायचे, आणि कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. आप्पा काठीवर चालायला लागले, गुडघाही थोडाफार मुडपू लागला. दुसऱ्या वर्षी काका गावी कायमचे जायला निघाले. ट्रंक गॅलरीत आली, सगळे जमले. आप्पा वयाने आठ वर्षांनी मोठे, वर मास्तर. त्यांनी काठी माझ्या हातात दिली, कठडा धरला आणि हळूहळू, दुखतंय हे चेहऱ्यावर दिसत असताना, वाकून काकांच्या पायांना हात लावला.

काका गोरेमोरे झाले. "मास्तर, हे काय करताय," एवढंच म्हणाले.

आप्पांना काठी परत दिली. मी आपली म्हणाले, पोचल्याचं कार्ड टाका.